एकट्या उड्डाणी खोकला न आल्याची हकीकत

सर्वांस खालून झेलणारी जी भूमी, तीस आधी दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, माघमासी, रेवतीबाई टेंभुर्णे यांचे विमान तिसरे एकट्या स्वारीस तीनही चाकांवर सुखरूप उतरले. परंतु हे वर्तमान जाहलेच नाही ऐसे समजोन पुढे वाचावे, नाहीतर वाचणारास काळजी राहात नाही.

तर एका राज्यी उडण्याची शाळा होती, आणि तेथील उस्ताद दौलतराव ढमढेरे यांचा शिरस्ता ऐसा की, शिष्याशेजारी बसोन अवाक्षर बोलू नये, फक्त जमीन घराचे कौलांवरून दिसावी इतकी जवळ आली म्हणजे खोकावे, आणि खोकला ऐकताच रेवतीबाईंनी दांडी ओढोन विमानाचे नाक वर धरावे. ऐसी विद्या पक्की जाहली. मग उस्ताद उतरले आणि म्हणाले, "जा आता एकटी." बाई गेल्या, फिरल्या, आणि खोकल्याची वाट पाहात राहिल्या, तो जमीनच आधी आली आणि विमान बेडकासारखे तीनदा उसळले. मग दुसरे स्वारीस मनोऱ्यावरील अंमलदार पारखे रेडिओवर खाकरले, "अंहं... वारा शांत आहे, बाई," आणि बाईंनी आंब्याचे शेंड्यावरच दांडी ओढली, आणि विमान ओशाळोन थबकले आणि धबकन बसले, पुढील चाक वाकडे जाहले. मग वरून फर्मान सुटले की, पुन्हा आदळल्यास एकटीची परवानगी रद्द, जन्मभर उस्तादांशेजारी बसावे.

मग तिसरे स्वारीआधी बाईंनी पारख्यांस विनविले, "काका, खडीसाखर चघळा, पण खाकरू नका हं!" "अगं, मी श्वाससुद्धा घेत नाही." उस्ताद धावपट्टीकडेला तोंडावर रुमाल दाबोन उभे राहिले. विमान खाली येऊ लागले आणि राज्यात कोणी खोकेना, आणि बाईंचा घसा भयाने कोरडा पडला, आणि कौलांइतकी जमीन पाहताच त्यांस स्वतःसच खोकला आला, तो रेडिओवरून धावपट्टीपर्यंत ऐकू गेला, आणि हाताने सवयीने दांडी ओढली, आणि मांजर ओट्यावरून उतरावे तैसे विमान उतरले.

उस्ताद धावत आले. "खोकायला कुणी शिकवलं गं?"

"तुम्हीच की, सर!"

"मी कुठं शिकवत होतो? मला दर वेळी तिथंच भीती वाटते!"

हे ऐकोन बाई विमानात होत्या त्याहून अधिक घाबरल्या.

तात्पर्य, विद्या म्हणोन घेतले ते भय निघाले, परंतु चाके शाबूत. आता उद्या चौथी स्वारी, आणि उस्तादांच्या बोलण्याने बाईंचा घसा पार बसला आहे. सबब हवाई खात्यास विनंती की, धावपट्टीस सक्त ताकीद व्हावी, विमान कौलांइतके जवळ येताच तिने स्वतः खोकावे, आणि सुट्टीचे दिवशीही कसूर करू नये.