नापास होण्याची जबाबदारी

शिक्षणाला अंत नसतो. हे सत्य शिकणाऱ्यांच्या लक्षात फार उशिरा आलं. शिकवणाऱ्यांनी मात्र ते वेळेवर ओळखलं, म्हणून घरोघरच्या चुली पेटत्या राहिल्या.

झालं असं, की यंत्रं हुशार झाली आणि त्यांनी माणसांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. आधी कारकुनांचं, मग हिशेबनिसांचं, मग डॉक्टरांचं, आणि शेवटी ज्यांनी ती यंत्रं बनवली त्यांचंही (त्या दिवशी कारकून मंडळी गालातल्या गालात हसली म्हणे). रिकाम्या माणसांनी करायचं काय? वरून उत्तर आलं: नवीन काहीतरी शिकायचं. माणसं शिकायला लागली. अभ्यासक्रम वर्षभराचा, आणि ज्या कामासाठी शिकायचं ते सहा महिन्यांतच नाहीसं व्हायचं, एवढी किरकोळ अडचण सोडली तर योजनेत खोट नव्हती. पास झालेल्यांना ठेवायचं कुठे, हाही प्रश्न सुटला. त्यांना शिकवायला ठेवलं. एका पाहणीनुसार शंभरांतले चाळीस लोक शिकवत होते, चाळीस शिकवणाऱ्यांना शिकवत होते आणि उरलेले वीस पाहणी करत होते.

भविष्यसज्जता केंद्र ही अशीच एक चार मजली, नावाजलेली संस्था. तिथे शिकवायचं काम अर्थातच यंत्र करी. ते सुरू करायला एक प्रशिक्षक होता, बंद करायला दुसरा (पहिल्याला बंद करायचं शिकवलं नव्हतं), आणि मधल्या वेळात ते नीट चाललंय असं मान डोलावून दाखवायला एक प्रशिक्षिका होती. याशिवाय खुर्च्या-मांडणी विभाग, खुर्च्यांची मांडणी तपासणारा विभाग, प्रोत्साहन विभाग, आणि या सगळ्यांवर संचालक. मिळून तीनशे माणसं. विद्यार्थी एक.

त्याचं कारण असं, की शेवटची तुकडी एकाच दिवशी सरसकट पास झाली आणि गावात अशिक्षित माणूस औषधालाही उरला नाही. उरली फक्त माई.

माई म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या प्रशिक्षकाची आई आणि मान डोलावणाऱ्या प्रशिक्षिकेची सासू. तोंडावर सगळे तिला माई म्हणत. पाठीमागे जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही (आणि तिला ते माहीत होतं). लहानपणी ती थोडे दिवस शाळेत गेली होती, पण शाळेला ती मानवली नाही. पुढे कुणी शिकवायला आलं की ती म्हणे, "मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय." पण एक दिवस लेक तोंड पाडून म्हणाला, "आई, कुणी शिकायला नसेल तर केंद्राला कुलूप लागेल गं." माईनं हातातला कंगवा खाली ठेवला.

"येते," ती म्हणाली. "पण शिकायची नाही हं मी."

केंद्राला दुसरं काय हवं होतं!

इथे एक नियम सांगितला पाहिजे. नवं प्रमाणपत्र निघालं की आधीची सगळी शिळी धरावीत, असं ठरलं होतं; आणि शिळ्या प्रमाणपत्राच्या माणसाला कामावर ठेवता येत नसे. म्हणजे माई जोवर नापास होत होती तोवर तीनशे माणसांची प्रमाणपत्रं ताजी होती. त्यांतच सुनेच्या आईचंही होतं. या विहीणबाईंनी ते सोनेरी चौकटीत घालून बैठकीत लावलं होतं, तेही अशा उंचीवर, की माई सोफ्यावर टेकली की ते बरोबर तिच्या डोळ्यांसमोर यावं.

परीक्षा दर महिन्याला, तोंडी. प्रश्न एकच (बाकीच्या प्रश्नांनी विद्यार्थ्याच्या मनावर ताण येतो म्हणून यंत्रानं ते काढून टाकले होते). प्रश्न असा: घर कोण चालवतं? पुस्तकातलं उत्तर: यंत्रणा.

माई ताठ बसायची आणि म्हणायची, "मी."

"छान प्रयत्न!" यंत्र गोड आवाजात म्हणायचं. "पुन्हा एकदा विचार करून बघा हं."

"तू कर विचार. मला घरी कामं आहेत."

नापास. चारही मजल्यांवर टाळ्या. प्रोत्साहन विभाग एकमेकांना मिठ्या मारायचा. माईच्या लेखी ती नापास होतच नव्हती. महिन्याच्या महिन्याला ते डबडं नापास होत होतं आणि ती मोठ्या मनानं पुन्हा त्याला भेटायला जात होती.

पण यंत्र पडलं प्रामाणिक (हा त्या जातीतला मोठाच दोष). एकच बाई एकच उत्तर इतक्या ठामपणे देते, तर एकदा खरं-खोटं करून पाहावं, म्हणून त्यानं माईच्या घरातल्या यंत्रांकडे चौकशी केली. तेव्हा कळलं, की झाडलोट करणारं यंत्र पायपुसण्यावर चाकं पुसल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. कपडे धुणारं यंत्र माईची दुपारची झोप होईपर्यंत श्वास रोखून उभं असतं. आणि लेकानं अवेळी फ्रिज उघडला, तर तो माईच्याच आवाजात विचारतो, "आत्ताच जेवलास ना?" घर कोण चालवतं, यावर सगळ्यांनी एकमुखानं एकच नाव घेतलं. यंत्रानं आपली चूक कबूल करून उत्तर बदललं. बरोबर उत्तर: मी.

संचालक धापा टाकत माईच्या घरी आले. (पायपुसण्यापाशी त्यांनाही थांबवण्यात आलं.)

"माई, या खेपेला तेवढं 'मी' म्हणू नका, पाया पडतो! आणि 'यंत्रणा'सुद्धा नको. ते जुन्या अभ्यासक्रमाचं म्हणून अर्धे गुण मिळतात, आणि अर्ध्यात पास करतात हो."

"मग म्हणू काय?"

"लेकाचं नाव घेतलंत तर तो तुमचाच म्हणून पास करील ते यंत्र." संचालकांनी खाली पाहिलं. "सूनबाई म्हणा."

फ्रिजनंही घरघर थांबवली.

"आई," लेक हळूच म्हणाला, "'मी' एक अक्षर, 'सून' दोन. एका जादा अक्षरानं तीनशे घरं तगतात."

"तुझ्या बापाला उभ्या जन्मात 'तुमचं खरं' म्हटलं नाही मी. त्या डबड्यापुढे म्हणू?"

"खोटंखोटंच तर म्हणायचंय, आई," सून म्हणाली. "खरं कोण मानणारंय!"

"खोटं मी बोलत नाही. फार तर कमी बोलते."

कुणी हसलं नाही. (हसायचं होतं सगळ्यांनाच.)

पण लेकाचं उतरलेलं तोंड बघून माई विरघळली. तिच्यासाठी केंद्रात लगेच अपयश मार्गदर्शन विभाग उघडला आणि आणखी चाळीस माणसं कामाला लागली. सराव सुरू झाला. आधी नुसतं "सू". मग खोकला. मग पाणी. मग भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, "सून". ज्या दिवशी माईनं हा शब्द खोकल्याशिवाय उच्चारला, त्या दिवशी मार्गदर्शकांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण संस्था म्हटली की समारंभ आलाच. संचालकांनी तिच्या नापास होण्याचा सोहळा ठरवला आणि झाडून सगळ्या माजी विद्यार्थ्यांना बोलावलं. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, येऊन बसल्या विहीणबाई.

"घाबरू नका हं, विहीणबाई," माईचा हात थोपटत त्या म्हणाल्या. "सोप्पं असतं अगदी. मी तर बसायच्या आत पास झाले होते."

माईनं हात काढून घेतला. ओळखणाऱ्यांना एवढ्यानंच घाम फुटला.

"घर कोण चालवतं?" यंत्रानं विचारलं.

माईनं लेकाकडे पाहिलं. त्यानं हात जोडले होते. तिनं सुनेकडे पाहिलं. सून मान डोलावत होती (सवय). माईनं डोळे मिटले.

"सू..."

विहीणबाई पुढे झुकल्या. त्यांनी कानामागे हात धरला.

"जरा मोठ्यानं, विहीणबाई. मागेसुद्धा ऐकू गेलं पाहिजे."

माईचे डोळे उघडले.

"मी!" चौथ्या मजल्यावरच्या खुर्च्या हलल्या. "काल मी, आज मी, उद्याही मीच!"

"अभिनंदन!" यंत्र म्हणालं, आणि त्याच्या पोटातून कोरं करकरीत प्रमाणपत्र बाहेर आलं. त्याच क्षणी केंद्रातली झाडून सगळी प्रमाणपत्रं शिळी झाली. सोनेरी चौकटीतलंसुद्धा.

त्यानंतर मोठा हलकल्लोळ उडाला असेल, अशी वाचकांची कल्पना असेल. तसं काही झालं नाही. तीनशे चाळीस माणसं बेकार झाली, म्हणजे त्यांना प्रशिक्षणाची गरज निर्माण झाली. ताजं प्रमाणपत्र एकीपाशीच होतं, म्हणून शिकवायचा अधिकारही तिचाच. पूर्वी एका विद्यार्थ्यामागे तीनशे जण होते. आता एका शिक्षिकेपुढे त्याहून जास्त आहेत. पाहणीवाल्यांच्या मते ही प्रगतीच आहे. यंत्रानंही एक बाजूचं बाक धरलंय. लेक पोटभर जेवतो (वेळेवर).

परीक्षा तीच, प्रश्न तोच. उत्तर तेवढं थोडं बदललं: माई. ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण अजून कुणी पास झालेलं नाही, कारण उत्तर मनापासून आलं पाहिजे असा माईचा आग्रह आहे. पहिल्या बाकावर विहीणबाई रोज उभ्या राहतात.

"जरा मोठ्यानं, विहीणबाई," माई म्हणते. "मागेसुद्धा ऐकू गेलं पाहिजे."

आणि मागे म्हणजे तुम्ही. हसताय काय? तुमचंही प्रमाणपत्र त्याच दिवशी शिळं झालं. शेवटच्या बाकावर जागा धरून ठेवलीय. या. आणि हो, पाय पुसून.