सगळेच हिरवे

बहिणीकडे निघताना काकूंनी काकांना तीनदा बजावलं, "फक्त पट्टे रंगवायचेत. पोस्टमास्तरांच्या बाणांना हिरवे, डॉक्टरांच्या बाणांना लाल. डावीकडचा डबा हिरवा, उजवीकडचा लाल. कळलं?"

काकू तिरंदाजी क्लबातल्या लोकांना बाण बनवून देत. बाकी सगळं त्यांनी स्वतः केलं होतं. काड्या घासल्या, व्हार्निशचे दोन हात दिले, पिसं चिकटवली. उरले होते फक्त बाण कुणाचा हे ओळखायचे पट्टे. दोघांचे सहा-सहा. काकांना लाल आणि हिरवा सारखेच दिसत, म्हणून एवढी ताकीद.

काकांनी डावीकडच्या डब्यातून पोस्टमास्तरांचे सहा बाण अगदी जीव ओतून रंगवले. मग चहा करून आणला आणि उजेड बरा म्हणून टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. "आता उजवा डबा," असं स्वतःलाच बजावत त्यांनी डॉक्टरांचे सहा संपवले.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या मैदानावर काकांनी बाण पोचवले, तोवर शिट्टी व्हायची वेळ झाली होती.

"अहो, हे हिरवे कसे?" डॉक्टर ओरडले.

"छान दिसतायत की!" काका म्हणाले. त्यांना खरंच छान दिसत होते.

पोस्टमास्तरांचे बाण कसे आहेत, हे डॉक्टरांनी पाहिलंच नाही. गेल्या वर्षी स्पर्धेच्या कपासाठी अर्ध्या गुणावरून झालेल्या भांडणापासून दोघांनी एकमेकांकडे बघणंही सोडलं होतं. एकाच लक्ष्यावर, साठ पावलांवरून, साठीच्या डोळ्यांनी दोघांनी एकाच वेळी बाण मारले. पंचांनी जवळ जाऊन पाहिलं, तर सहा बाण मधोमध आणि सहा मागच्या गवतात. सगळेच हिरवे.

"मधले माझे!" डॉक्टर म्हणाले.

"गवतातले ओळखीचे वाटतात का, विचारा त्यांना!" पोस्टमास्तर पंचांकडे बघत म्हणाले.

तेवढ्यात बसमधून उतरून काकू थेट मैदानावर आल्या. त्यांनी बाण पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी चष्मा पुसायला घेतला.

"सोपं आहे," काकू म्हणाल्या. "दोघांनी परत सहा-सहा मारा. एकेकाने."

डॉक्टरांचा खांदा एकदम आखडला. पोस्टमास्तरांच्या डोळ्यांवर ऊन येऊ लागलं.

"मास्तर," वर्षभरात पहिल्यांदाच डॉक्टर त्यांच्याशी बोलले, "कप सहा महिने तुमच्याकडे, सहा माझ्याकडे?"

"ठरलं!" पोस्टमास्तरांनी घाईघाईने हात पुढे केला.

आता आपल्याकडे कोण बाण करायला टाकणार, या काळजीने काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी दार उघडलं, तर क्लबातले सात जण आपापले बाण घेऊन उभे.

"काकू, आमचेही पट्टे हिरवेच करा," पुढचा हळूच म्हणाला. "आणि रंगवायला काकांनाच बसवा."