अप्पांचं वैयक्तिक मत

ज्यावर अप्पांचं मत नाही असा विषय अजून जन्माला यायचा होता. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून हयात गेलेली, त्यामुळे समोर येईल ते तोलून बघायची सवय हाडीमाशी खिळलेली. निवृत्त झाले तेव्हा दुकानदार सुटले आणि घरची माणसं तावडीत सापडली. दुधाचा दाटपणा, शेजारच्या बाळाचं नाव, डॉक्टरांचं अक्षर, सगळ्यावर अप्पांचं मत असे आणि ते मागायला कुणाला यावं लागत नसे. घरपोच मिळे.

तेव्हा पटकथालेखक संपावर गेले म्हटल्यावर अप्पा गप्प बसतील हे शक्यच नव्हतं. त्यातून संपकऱ्यांमध्ये खुद्द जावई. तो संध्याकाळची एक गाजलेली मालिका लिहायचा आणि लेक-जावई राहायचे याच घरात, वरच्या मजल्यावर.

"लेखकानं संप केला हे ओळखायचं कसं?" अप्पांनी सकाळच्या चहाला विचारलं. "काम चालू असतं तेव्हाही हा खिडकीबाहेरच बघत असतो."

लेकीनं कप खाली ठेवला. "बाबा, तो दिवसभर उन्हात फलक घेऊन उभा असतो."

"असणारच. बसून खाणाऱ्याला उभं राहायची हौस असतेच."

लेक चहा तसाच टाकून वर निघून गेली. संप सुरू झाल्यापासून ती बापाशी कामापुरतंच बोलत होती, आज तेही आटपलं. अप्पांना ते लागलं, पण मत मागे घेण्याची सोय त्यांच्या खात्यात कधी नव्हतीच.

एक गोष्ट मात्र अप्पांनी कुणालाच सांगितली नव्हती. ती मालिका ते रोज बघायचे. समोर पेपर उघडा धरायचा आणि त्याच्या वरच्या काठावरून बघायचं. संप नेमका पडला तेव्हा मालिकेतली थोरली सून शीतगृहात कोंडली गेली होती, आणि तेव्हापासून वाहिनीवर जुने भाग चालू होते. सून गारठून मरतेय आणि हा जावई गेटवर घोषणा देतोय, हे अप्पांचं खरं दुखणं.

"मी दोन शब्द सुनावले ना, तर आजच्या आज मिटेल हा संप," ते म्हणाले.

माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जावयाचा विसरलेला डबा त्यांच्या हातात ठेवला. "मग जाच. जाता जाता हा पण द्या."

स्टुडिओच्या गेटसमोर संप रंगात आला होता असं म्हणवत नव्हतं. घोषणा सुरू झाली की कुणीतरी हात वर करून म्हणे, दुसऱ्या ओळीत पुनरुक्ती होतेय. मग त्यावर चर्चा. एका फलकावर इतकी खाडाखोड होती की मागणी काय आहे ते समजेना, पण तो धरणारा म्हणत होता की अजून पक्की प्रत व्हायचीय.

एका बातम्यांच्या वाहिनीची बातमीदार मुलगी या सगळ्याला विटली होती. ज्याच्या तोंडासमोर माइक धरावा तो म्हणे, "थांबा, हे वाक्य पुन्हा घेतो." तेवढ्यात तिला अप्पा दिसले. पांढरे केस, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, खांद्याला झोळी. डबा झोळीत होता हे तिला कुठून कळणार?

ती धावत आली. "सर, या संपाबद्दल आपलं वैयक्तिक मत?"

अप्पांना गहिवरून आलं. आयुष्यभर त्यांनी मतं दिली होती, मागितलं कुणी नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला.

"माझं मत स्पष्ट आहे. लिहिणं हे काही काम नव्हे. कागद स्वस्त, शब्द फुकट, डोकं जन्मतःच मिळालेलं. मग मोबदला कशाचा मागता? उलट लेखकानंच निर्मात्याला भाडं द्यावं, एवढ्या मोठ्या मालिकेत आपले शब्द ठेवायला जागा दिली म्हणून. आणि पडद्यावर नाव कशाला हवं? नाव आलं की लोक पाणी प्यायला उठतात."

फलक धरलेले लेखक एकमेकांकडे बघू लागले. मग एकच हशा पिकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय उपरोध आहे," एकजण डोळे पुसत म्हणाला. "आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही."

"अहो, मी मनापासून बोलतोय," अप्पा म्हणाले. यावर तर दोघांना खाली बसावं लागलं.

संघटनेचे दाढीवाले अध्यक्ष गर्दी सारत आले आणि त्यांनी अप्पांना मिठीच मारली. पाण्याच्या बाटल्या घेऊन परत आलेला जावई जागीच थिजला. "अहो, हे माझे..."

"गुरू ना? वाटलंच मला," अध्यक्ष म्हणाले. जावयाचं उरलेलं वाक्य पुढच्या घोषणेत वाहून गेलं.

संध्याकाळी अप्पांचं ते मत सगळ्या वाहिन्यांवर होतं. खाली पट्टी: 'ज्येष्ठ लेखकाचा निर्मात्यांना सणसणीत टोला.' शेजारी हात मिळवून गेले. लेक जिन्यावरून धावत आली आणि अप्पांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "बाबा, मला वाटलं तुम्हाला त्याच्या कामाची किंमतच नाही. सकाळी चहाला पण चेष्टाच करत होतात ना? आणि मी रागावले."

अप्पांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि छताकडे बघितलं.

लेक गेल्यावर माईंनी विचारलं, "खरंखरं सांगा. तिथं मनापासून बोललात ना?"

"हो."

"मग आता त्याबद्दल चकार शब्द काढू नका."

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच अध्यक्षांचा फोन. निर्माते बोलणी करायला तयार झाले होते, मात्र ते ज्येष्ठ गृहस्थ हवेतच असा त्यांचा आग्रह होता. अप्पांची झोप नीट झाली नव्हती. त्यांनी ठरवलं, एकदा बैठकीत बसलो की खरं सांगून मोकळं व्हायचं. मग जावयाची शोभा होवो की आपली.

लांबलचक टेबल. एका बाजूला निर्माते आणि त्यांचा दिग्दर्शक, दुसऱ्या बाजूला अध्यक्ष, जावई आणि मध्ये अप्पा. अध्यक्षांनी मुख्य तक्रार मांडली. निर्मात्याची बायको, बायकोची मैत्रीण, गाडीचा ड्रायव्हर, ज्याला जे सुचेल ते तो सुचवतो आणि लेखकानं दर वेळी तोच प्रसंग नव्यानं लिहायचा.

"माझं खरं मत असं आहे की..." अप्पांनी सुरुवात केली.

"तुमचं मत काल ऐकलं आम्ही," निर्माते म्हणाले. "आता आमचं बघा. लेखकाशिवाय आमचं अडत नाही. हा भाग आम्ही कालच केलाय, नट आपापल्या मनानं बोललेत." आणि त्यांनी टीव्ही लावला.

थोरल्या सुनेनं शीतगृहाचं दार ढकललं आणि ती बाहेर आली. "दार उघडंच होतं," ती म्हणाली. सासूनं विचारलं, चहा घेतला का? सासऱ्यांनीही तेच विचारलं. नणंदेला दुसरं काही सुचलं नाही, तिनंही विचारलं. मग कारस्थानी धाकटा दीर आत आला, थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहिला आणि काहीच बोलायला नसल्यामुळे सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या बाईला त्यानं लग्नाची मागणी घातली.

"बंद करा ते," अप्पा म्हणाले. आवाज इतका चढला होता की दिग्दर्शकानं लगेच बंद केलं. "ती त्याची सख्खी आत्या आहे."

दिग्दर्शक कागद चाळू लागला. "आत्या ती? ती तर वकीलबाई ना?"

"वकीलही आहे आणि आत्याही आहे. तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं. आणि ते शीतगृह? बिचारीच्या पापण्यांवर बर्फ जमला होता, आणि दार उघडं होतं म्हणता?"

"एवढं कोण लक्षात ठेवतं?" निर्माते हसून म्हणाले.

अप्पा उभे राहिले. पूर्वी ज्या आवाजानं बाजारातले तराजू आपोआप सरळ व्हायचे, तो आवाज खूप वर्षांनी बाहेर आला. "मी जन्मभर काटे तपासलेत. किलोच्या भावात पाऊण किलो देणाऱ्यांना मी सोडलेलं नाही. हे मापात पाप आहे. रोज आमचा अर्धा तास घेता आणि बदल्यात देता काय, तर चहा घेतला का?"

"आमचा म्हणजे? तुम्ही लेखक ना?"

"मी कसला लेखक. मी याचा सासरा. मी बघतो ही मालिका. रोज बघतो, पेपरच्या आडून."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. जावई मात्र अप्पांकडे असा बघत होता, जणू हा माणूस आज पहिल्यांदाच भेटतोय.

आणि निर्मात्यांचा चेहरा उतरला. संपावरचे लेखक त्यांनी पुष्कळ बघितले होते. चिडलेला प्रेक्षक टेबलापलीकडे बसलेला कधी बघितला नव्हता.

"तुमच्यासारखे आणखी किती असतील?" त्यांनी हळूच विचारलं.

"आमची अख्खी गल्ली. कबूल कुणी करत नाही इतकंच."

त्यानंतर बोलणी भराभर पुढे सरकली. मानधनाचं जमलं, पडद्यावरच्या नावाचं जमलं. गाडी अडली ती सूचनांपाशी.

"चांगलं मत काय, कुणाकडूनही येऊ शकतं," निर्माते म्हणाले.

अप्पा अजून तापलेलेच होते. "ज्याला विचारलं नाही त्यानं तोंड घालायचंच कशाला? लिहिणाऱ्याला लिहू द्या की. घ्या लिहून: लेखकानं विचारल्याशिवाय कुणीही मत देणार नाही, मग तो घरचा असो वा दारचा."

अध्यक्षांनी ते शब्द न् शब्द उतरवून घेतलं. साक्षीदार म्हणून खाली अप्पांनीच झोकात सही ठोकली.

संध्याकाळी घरात आनंदीआनंद होता. लेक गुणगुणत होती, जावई वर लिहायला बसला होता. अप्पा जिना चढून दाराशी उभे राहिले, जरा खाकरले. "मला काय वाटतं, त्या आत्यानं आता..."

जावयानं खुर्ची वळवली. पूर्ण आदरानं उभा राहिला. "बाबा," तो म्हणाला, "घरचा असो वा दारचा."

अप्पांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि ते आले तसे जिना उतरले. माई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या.

"तुला सांगतो, त्या आत्याला ना..."

"काही सांगू नका. मला उद्याचा भाग बघायचाय."

अप्पा समोर बसले आणि मटार सोलू लागले. शेंगा फारच कोवळ्या होत्या. त्याबद्दलही त्यांना काही म्हणायचं होतं.