पाहाले ये

कडी खडखडली आणि रविवारच्या दुपारची शांतता मोडली. माझी लेक नीतू झोपली होती, नवरा बाजारात गेला होता आणि मी खुशीत होते. माझा बेत चुकणं शक्यच नव्हतं!

बेत असा. टीव्हीवर मी एक मालिका पाहत होते. जुन्या काळातली, परदेशातली, हिंदीत बोलणारी. तिच्यातली बाई अख्ख्या गावाच्या सोयरिका जुळवत सुटते आणि एकूण एक जोडी चुकवते. मला वाटलं, हिला जमत नाही, मला जमेल. माझी नणंद रुचिका लग्नाची आहे. आमची नीतू रात्रंदिवस तिच्याच कुशीत झोपते, म्हणून तर मला लिहायला तासभर मिळतो. ती दूर दिली तर? त्यापेक्षा आमच्या पवनीतलाच, दोन गल्ल्या पलीकडचा, राईस मिलमधला कमलेश काय वाईट? दोघांनी सोबत मालिका पाहावी, ओळख वाढावी, पुढचं आपोआप. मी कमलेशला मेसेज टाकला होता, "रविवारी दोन वाजता पाहाले ये. लय सुंदर आहे. जराशी जुनी आहे, पन मन लावून पाह्यशीन तर आवडंल."

दार उघडलं. कमलेश कडक इस्त्रीच्या शर्टात उभा. मागे त्याची आई रत्नाबाई आणि वडील मारोतराव. नारळ, ब्लाउजपीस, पेढ्यांचा डबा!

"जुनी म्हंजे केवढी वो, बाई?" रत्नाबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं. "वय सांग आधी."

"काकू, पोरगी नाही, मालिका जुनी आहे!"

"मालिका?" मारोतरावांना जरा कमी ऐकू येतं. "नाव बरं आहे पोरीचं."

तेवढ्यात आतून रुचिका आली. डोक्यावर मेंदीचा लगदा, त्यावर पॉलिथिनची पिशवी, अंगात माझा जुना गाऊन. धानाच्या बांधीतलं बुजगावणं चालत आल्यासारखी. कमलेशने नजर जी फरशीला लावली, ती उचललीच नाही.

आलेल्यांना परत कसं पाठवायचं? घाईत मी चहा टाकला आणि पोहे केले. पोहे! उरलीसुरली शंकाही मीच मिटवली. शेवटी सगळ्यांना दिवाणावर बसवून टीव्ही लावला, म्हणजे खरं काय ते दिसेल.

दिसलं, आणि आवडलंही.

"एवढ्या घोड्याइले चारा कोन टाकते?" मारोतरावांना काळजी. "आन यायची धानाची रोवनी कवा होते? सारेच नाचून राहिले."

रत्नाबाई मात्र पोह्याचा घास हातात धरून त्या जुळवणाऱ्या बाईवर भडकल्या. "पाह्य कशी आहे! ह्याले तिच्या गळ्यात, त्याले हिच्या गळ्यात. पोरीले एक डाव तरी पुसते काय, तुह्या मनात कोन आहे म्हनून?"

"नाही पुसत," रुचिका पिशवीखालून हळूच म्हणाली. "आमच्याकडं बी नाही पुसत."

मी रिमोट उचलून आवाज बंद केला. का, कोण जाणे.

रत्नाबाई तिच्याकडे वळल्या. "मंग मी पुसतो. कोन आहे?"

"कोंढ्याचा लिलाधर."

"रुचिका! मले काहून नाही सांगितलं?"

"दोन डाव सांगाले आली होती, वहिनी. तू मालिका पाहून राहिली होती."

कमलेशने इतका मोठा श्वास सोडला की चहावरची साय हलली. मग मान वर करून तो पहिलं वाक्य बोलला, "पोहे आहेत काय अजून?"

रत्नाबाईंनी ब्लाउजपीस रुचिकाच्या मांडीवर ठेवला. "आनलेली वस्तू वापस नेत नाही. हा कोंढ्याले शिवून घालजो. तुह्या दादाले मी सांगतो." मग माझ्याकडे बोट, "आन तू थे लाव, पुढं काय झालं थे पाहू दे!"

कोंढा गाव काही सातासमुद्रापार नाही. बसने तासाभराच्या आतच. मी स्वतःला हेच समजावत होते, तर नीतू उठून आली. तिने सगळं ऐकलं होतं. बगलेत तिची छोटी उशी.

"आई, कोंढ्याले हे उशी नेऊ, का तिथं आत्या मले नवी देईन?"