धारेच्या घोळाची हकीकत

श्री. चार आचळांस नमन, चार खुरांस नमन, आणि दुधातले पाणी नुसत्या नजरेने ओळखणाऱ्या गिऱ्हाइकासही लांबूनच नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आषाढ शुद्ध दशमी, ते दिवशी जो घोळ सुरू जाहला तो येथे लिहितो. संवत्सराचे नाव क्रोधी आणि गुणही नावासारखेच, त्यास आम्ही काय करावे? राज्याचे नाव पुसू नये. राज्य लहान, पत्र्याचे गोठे दोन, रान सोळा एकर, गाई बत्तीस, आणि गादीवर आईसाहेब सरकार. बाई न्यायी खऱ्या, परंतु तोंडातून गेलेला शब्द माघारी घेणे त्यांचे घराण्यात कोणास ठाऊक नव्हते. कारभारी तुबाजी नाईक, वय साठीला टेकलेले. बत्तिसांपैकी सव्वीस गाई त्यांचे हातावर जन्मलेल्या, आणि गाय अडली म्हणजे डॉक्टराआधी नाइकांस हाक जाई. राज्यात खाती दोन. गाईच्या तोंडाकडले ते वैरणखाते, त्याचे मुख्य सुभानराव, त्यांचे ताब्यात कडबा बारीक करावयाचे कुट्टीयंत्र. शेपटीकडले ते शेणखाते, त्याचे मुख्य गोमाजीबावा, त्यांचे ताब्यात हौदातला शेणकाला उपसून रानात सोडावयाचा पंप. मधली गाय कोणत्या खात्याची, हे आजतागायत कोणी ठरविले नाही, आणि सारे रामायण तेथूनच उद्भवले असे आमचे मत आहे.

तर दशमीस सरकारांनी खर्चाचा कागद हाती घेतला, आणि वाचता वाचता एका ओळीवर बोट थांबले. ओळ नाइकांचे अक्षरात होती, 'धार, दर आठवड्यास'. कुट्टीयंत्राच्या पात्यांस शिकलगार येऊन धार लावून जाई, त्याची ती मजुरी. सरकार म्हणाल्या, "धारेस पैसे? गाय आमची, बादली आमची, धार काढणाऱ्या गड्यांस पगार देतो तो निराळाच. मग ही धार कसली?" नाईक म्हणो लागले, "सरकार, ही धार म्हणजे ती नव्हे, ही धार..." तो सरकार कडाडल्या, "नाईक, धार ती धार! बंद करा." सुभानराव म्हणजे वारा येईल तशी पाठ देणारा गृहस्थ. ते "आज्ञा" म्हणून वाकून मुजरा करिते जाहले, आणि खर्च वाचविला म्हणून भर दरबारी चांदीचे कडे घालून घरी गेले. नाईक तेथेच उभे राहिले. आपण लिहिले ते निराळे आणि सरकारांनी वाचले ते निराळे, हे सांगावे कसे ते त्यांस उमगेना, आणि मग आठपंधरा दिवसांनी राग निवळल्यावर सांगू, असे मनाशी धरून तेही घरी गेले.

आठ दिवस बरे गेले आणि नवव्या दिवशी पंप गुदमरला. गोमाजीबावांनी तो उघडविला, निस्तरला, पुन्हा बसविला, आणि तो पुन्हा गुदमरला. मग मोटर जळाली, मग नवी आणिली, मग कोणी म्हणाले पंपच लहान, म्हणून मोठा आणिला, आणि मोठ्याचा घास मोठा, सबब तो मोठ्याने गुदमरला. मग हौद ढवळावयास ढवळणी आणिली, तर ढवळणीभोवतीच काड्यांचा वेढा पडला. हौद काठोकाठ भरला, काला गोठ्यात परतू लागला, गाई घोट्याइतक्या राडीत उभ्या राहिल्या, आणि नाइकांस अन्न गोड लागेना. त्यांनी दोघा मुख्यांस समोरासमोर बसविले. गोमाजीबावा म्हणाले, "पंपात शेण नाहीच, चघळ आहे. गाई पाला खातात आणि दांड्या टाकतात. वैरण तुमची, तर चघळही तुमची. उचला!" सुभानराव म्हणाले, "अहो, खाल्ली ती वैरण. गव्हाणीतून पडली, पायाखाली तुडवली, नालीत वाहिली, ती तुमची. नालीत कधी वैरण असते काय?" बावा म्हणाले, "जे गाईच्या पोटातून आलेच नाही त्यास शेण म्हणू? उद्या माझी टोपी नालीत पडली तर तीही शेणच काय?" सुभानराव म्हणाले, "टोपीचे सांगवत नाही." दोन दिवस हे चालले. नाइकांस दोघांचेही बरोबर वाटे, आणि दोघांचेही बरोबर असता पंप बंद का, याचा विचार करिता करिता त्यांचे डोके गरगरू लागले.

मग ही वार्ता सरकारांचे कानी गेली आणि सरकारांनी सर्वांस धारेवर धरिले. म्हणाल्या, "पंपाने मला खाल्ले. पोळ्यापर्यंत पंपाचा खर्च थांबला नाही, तर दुसरे दिवशी बत्तीसही गाई व्यापाऱ्यास देते. गाय नको, वैरण नको, शेण नको, आणि तुमची भांडणेही नकोत." शब्द गेला तो गेला. नाईक तेथून उठले ते थेट गोठ्यात आले, आणि तांबू म्हणून पहिलटकरीण कालवड होती, गाभण, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. जन्मताना ही उलटी आली होती, आणि नाइकांनी पहाटेपर्यंत झटून हिला ओढून काढिली होती. आता तिला व्यापारी नेणार म्हणता साठीचा माणूस गव्हाणीच्या आड पोरासारखा रडला. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले नाही, पण त्यांचे कुटुंब कृष्णाकाकू यांणी सांगितले, आणि काकू खोटे बोलत नाहीत.

ऐसे होता होता नागपंचमी आली. ते दिवशी चिरू नये, कापू नये, म्हणून कुट्टीयंत्र बंद, आणि गड्यांनी आदले दिवशी कापून ठेविलेले कोवळे गवत तसेच गाईंपुढे टाकिले. गाईंनी चाटूनपुसून खाल्ले, आणि त्या दिवशी पंप अडखळत का होईना, दिवसभर चालला! गोमाजीबावांनी पंपास दुधाचा नैवेद्य दाविला. सुभानराव म्हणाले, नाग प्रसन्न. दुसरे दिवशी कुट्टी सुरू जाहली आणि पंप पुन्हा गुदमरला. बावा म्हणाले, नाग रुसला. नाईक मात्र कुट्टीपाशी गेले आणि ओंजळभर कडबा उचलून पाहो लागले. पाहतात तो काय, कापलेला नव्हेच, नुसता चेचलेला, आणि दांड्या हात हात लांब! पात्यावरून बोट फिरविले तर बोटास ओरखडा नाही. नाइकांनी कपाळावर हात मारिला. म्हणाले, "अरे देवा, धार!"

कळले खरे, पण सांगावे कोणास आणि कसे? धार बंद केली सरकारांनी. चुकलात म्हणावे तर शब्द माघारी येणार नाही, उलट गाई पोळ्याआधीच जातील. सुभानरावांस सांगावे तर त्यांचे मनगटात त्याच धारेचे कडे. चार दिवस नाईक घरात येरझारा घालीत राहिले. काकू म्हणाल्या, "अहो, कारभार राखायचा की गाई, ते एकदा ठरवा आणि जेवायला बसा. आमटी निवते आहे." नाईक जेवले, आणि दुसरे दिवशी दरबारात जाऊन म्हणाले, "सरकार, अर्ज आहे. धार माझ्या अंगावर द्यावी. पैसा एक नको." सरकार चकित जाहल्या. म्हणाल्या, "या वयात? कारभारी असून धार काढणार?" नाईक म्हणाले, "काढीन." सरकार म्हणाल्या, "बादलीही धरायची आणि कागदही, हे आमच्या राज्यात चालणार नाही. एक सोडा." दरबारात हसू पिकले. नाइकांनी कमरेची किल्ल्यांची जुडी सोडिली, तीस वर्षांत प्रथमच, आणि खाली ठेविली. कारभार सुभानरावांस गेला, आणि हुकूम लिहिला गेला, की तुबाजी नाईक यांणी आजपासोन धार सांभाळावी, राज्यातील कोणी त्यांस आडवे जाऊ नये.

तो कागद घेऊन नाईक कुट्टीपाशी आले आणि म्हणाले, "पाती सोडून द्या." सुभानराव बुचकळ्यात पडले. म्हणाले, "नाईक, हुकूम धारेचा आहे ना? गाई तिकडे आहेत." नाईक म्हणाले, "कोणती धार ते कागदात लिहिले नाही. आडवे जाऊ नये, हे मात्र लिहिले आहे." सुभानरावांनी कागद उलटा केला, सुलटा केला, काही कळेना, आणि पाती दिली. मग नाइकांचा नेम असा, की पहाटे गाईंच्या धारा काढाव्या, कारण हुकूम होता, आणि ऊन चढले म्हणजे निसणा घेऊन पात्यांस धार काढीत बसावे, कारण तोही हुकूमच होता. कुट्टी बोटभर पडू लागली, गाई दांडीसकट फस्त करू लागल्या, चघळ नावासही उरेना, आणि पंप चालला तो चालला. कोणास कारण समजले नाही. वैरणखाते म्हणे आमची वैरण, शेणखाते म्हणे आमची ढवळणी, आणि सरकारांनी दोघांचेही मान्य करून पंपास शेला आणि नारळ दिला. पोळा झाला. दुसरे दिवशी व्यापाऱ्याच्या गाड्या रिकाम्या परतल्या. त्यांचा आवाज दूर गेला तेव्हा नाइकांनी तांबूपुढे बोटभर कुट्टीची पाटी ओतली.

मग सरकार गोठ्यात आल्या आणि हळहळून म्हणाल्या, "नाईक, उगीच घाई केलीत. आणखी थोडा दम धरतेत, तर पंप तुमच्या कारभारात चालता, आणि हा शेला तुमच्या खांद्यावर पडता." नाइकांनी तोंड उघडिले. मग तांबूकडे पाहिले, आणि मिटले. म्हणाले, "नशीब, सरकार."

सारांश, कारभारी गेला आणि गाई राहिल्या, आणि खर्च नेमका कशाने थांबला याची चौकशी त्या राज्यात अद्याप चालू आहे. गाई बत्तीस होत्या. कार्तिकात तांबू अडली, तेव्हा नवे कारभारी सुभानराव स्वतः धावत नाइकांस बोलावू आले, आणि पहाटे तेहेतीस जाहल्या. इति.