सतरंजी चिन्हाची उमेदवार

गवई समेवर आला की सगळी सभा "वा!" म्हणते. आमच्या शेजारची प्रज्ञा वाघमारे उजवा हात ताठ वर करते आणि खड्या आवाजात म्हणते, "अनुमोदन!"

हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी तिच्यापासून चार माणसं पलीकडे बसलो होतो आणि ओळख दाखवावी की नाही याचा विचार करत होतो. गवयानं दचकून पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं तीच जागा पुन्हा घेतली, पहिल्यापेक्षाही सुरेख. प्रज्ञाचा हात पुन्हा वर. "एकमतानं मंजूर!" पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून, "आपण सभेला आलाय की गाण्याला?" असं विचारलं. ती म्हणाली, "फरक काय असतो, काका?" सदाशिव पेठेत इतकी वर्षं काढून मला असं उत्तर सुचलेलं नाही.

प्रज्ञा राज्यशास्त्रात एम.ए. करते. गाव परभणीकडचं. आमच्याच मजल्यावर शेजारच्या फ्लॅटमध्ये आणखी तीन मुलींबरोबर कॉट घेऊन राहते. त्या तिघी कॉम्प्युटरवाल्या. कानात सतत काहीतरी घातलेलं. हिला दोनच नाद. उन्हाळ्यातले गाण्याचे महोत्सव आणि निवडणुका. दोन्ही एकाच मोसमात आले की पोरगी जेवायचं विसरते आणि मग मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, पोळ्या जास्त लाटाव्या लागतात. तिला स्वतःला गाता येत नाही. मी खात्रीनं सांगतो, कारण त्यांचं न्हाणीघर आमच्या भिंतीला लागून आहे.

पण ऐकते मात्र जिवाचा कान करून. तिच्या मते तंबोरा म्हणजे सनदी नोकर. "सरकारं येतात, जातात, हा मागं बसलेला असतो. याच्यामुळं सगळं चालतं आणि फोटोत दिसत नाही." पेटीवाला बाहेरून पाठिंबा देणारा. तबलजी अपक्ष, पण त्यानं काढता पाय घेतला तर सरकार जागच्या जागी कोसळेल.

उलट पुढाऱ्यांना ती गवयांच्या मापानं मोजते. मैदानात कुणाचीही सभा असो, ही पहिल्या रांगेत मांडीवर ताल धरून बसणार. आल्यावर आम्हाला अहवाल. "आजचा ख्यालिया होता, काका. मुद्द्यावर यायला अर्धा तास, पण आला तेव्हा नीट आला. कालचा नुसता ठुमरीवाला. लाडीगोडी, बाकी काही नाही. आणि परवाचा तराणा! शब्दांना अर्थच नव्हता, पण काय लय होती!"

लोकसभेच्या वेळी एक उमेदवार हात जोडत आमच्या जिन्यानं वर आले. पाणी, खड्डे, पार्किंग, सगळ्याची उत्तरं घोकून आले होते. प्रज्ञानं दार उघडलं आणि म्हणाली, "साहेब, तुमच्या प्रचाराच्या रिक्षात जो गातोय ना, त्याचा गळा पेटीच्या पांढरी दोनच्या पट्टीचा आहे. तुम्ही त्याला काळी चारला चढवलंय. पहिल्याच कडव्यात फाटायलाय बिचारा. जो आपल्या गायकाची काळजी घेत नाही, तो मतदारसंघाची काय घेणार?" उमेदवारांनी मागे वळून कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्त्यानं वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी रिक्षातलं गाणं बंद होतं, नुसतं भाषण लावलं होतं. प्रज्ञा दिवसभर विजयी मुद्रेनं फिरत होती.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग तिनं आमच्या मंडळाला हात घातला.

आमचं मंडळ दर मे महिन्यात शाळेच्या मैदानावर तीन संध्याकाळी गाण्याचा महोत्सव करतं. पाणी मारलेली माती, पन्ह्याची पातेली, पुढे थोड्या खुर्च्या आणि मागे सतरंज्यांवर भारतीय बैठक. मी सभासद, मंगल सभासद. प्रज्ञानंही विद्यार्थी सभासदत्व घेतलं. अध्यक्ष नानासाहेब. नानासाहेब कधीपासून अध्यक्ष आहेत हे विचारायचं नसतं. वार्षिक सभेत एक जण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या पडतात आणि बटाटेवडे येतात. आमच्याकडे बिनविरोध निवड हा संस्कार समजला जातो.

यंदा कार्यकारिणीनं ठरवलं की बैठक बंद करायची. सगळीकडे नंबरच्या खुर्च्या आणि पुढे पाहुण्यांसाठी सोफे. कारण पटण्यासारखं होतं. श्रोते म्हातारे झाले, कुणाचे गुडघे शाबूत नाहीत. माझेही नाहीत.

प्रज्ञानं अध्यक्षपदाचा अर्ज भरला.

मंडळ हादरलं. "निवडणूक? आपल्यात?" हा प्रश्न लोकांनी एकमेकांना अशा आवाजात विचारला, जसं काही कुणी चपला घालून देवघरात शिरलं होतं. मतपेटी कुणाकडेच नव्हती, म्हणून मंगलनं लाडवांचा डबा दिला. प्रज्ञानं निवडणूक चिन्हाचा आग्रह धरला. नानासाहेब म्हणाले, "अहो, आपण काय विधानसभा लढवतोय?" ती म्हणाली, "तुम्ही घेऊ नका. मी घेतलंय. सतरंजी."

मग ती दारोदार फिरली. प्रत्येक घरी अर्धा कप चहा मिळाला आणि प्रत्येक घरानं, "बघू," असं सांगितलं. संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन हिशेब मांडायची. "काका, जोशीकाकू बघू म्हणाल्या. वरचे आजोबा तर नक्की बघू म्हणाले!" तिच्या गावी माणूस बघू म्हणाला की तो आपला झाला. आमच्याकडे बघू म्हणजे नाही, आणि नक्की बघू म्हणजे परत येऊ नका. मी तिला हे सांगणार होतो. पण ती इतकी खुशीत होती की मंगलनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

सभेच्या दिवशी मतदानाआधी नानासाहेबांनी तिला विचारलं, आणि आवाजात राग नव्हता, "मुली, खुर्चीवर माणूस आरामात बसतो. तुला त्यात खुपतंय काय?"

प्रज्ञा उठली. मला वाटलं, आता घटनेतलं एखादं कलम येणार. तिचा स्वर मात्र नेहमीपेक्षा एक पट्टी खाली होता.

"सर, मी पुण्यात आले तेव्हा पहिले कित्येक महिने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. म्हणजे मेसवाल्या मावशी विचारायच्या, भाजी वाढू का. बाकी काही नाही. रूममधल्या मुली वाईट नाहीत, पण बिझी असतात. घरी फोनवर मी सांगायची, खूप मैत्रिणी झाल्यात. मग तुमच्या महोत्सवाला आले. गाणं कळायचं नाही तेव्हा. मागं सतरंजीवर बसले, तर एक आजी आल्या आणि म्हणाल्या, सरक गं जरा. मी सरकले. त्यांनी न विचारता खोबऱ्याची वडी दिली. नंतर मला झोप लागली त्यांच्या खांद्यावर. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. खुर्चीवर मला कुणी सरक म्हणालं नसतं, सर. खुर्चीला नंबर असतो. ज्याचा त्याचा."

मग हनुवटी वर करून ती म्हणाली, "गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या द्याच. पण जमीन का काढून घेता?"

मतदान झालं, डबा उघडला, आणि प्रज्ञा सपशेल पडली.

नंतर वडे खाताना एकेक जण तिच्याजवळ येऊन कुजबुजत होता, "मी तुलाच दिलं हो." एवढ्या सगळ्यांनी दिलं असतं तर नानासाहेब घरी बसले असते. मीही तेच म्हणालो. माझं खरं होतं, पण त्या गर्दीत तिला ते कळायला मार्ग नव्हता. तिनं सगळ्यांना सारखंच, "थँक्यू," म्हटलं. नानासाहेबांना मात्र वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहणार आहे, सर."

आम्हाला वाटलं, आता ती महोत्सवाला फिरकणार नाही. पहिल्याच संध्याकाळी आली. खांद्यावर गुंडाळी केलेली सतरंजी, स्वतःची, मंडईजवळून आणलेली. शेवटच्या रांगेमागे, मैदानाची माती मोकळी होती तिथे, तिनं ती अंथरली. बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक धावत आला. "ताई, तुमची खुर्ची तिकडंय."

"माहितीये. तिच्यावर पर्स ठेवलीय. पर्सचे गुडघे दुखतात."

तो गेला. गाणं सुरू झालं. मी माझ्या नंबरच्या खुर्चीवर होतो आणि मान वळवून वळवून मागे पाहत होतो. शेवटी मंगल म्हणाली, "एवढं बघताय तर जा की." मी गुडघे सांभाळत मागे गेलो. चांगली ऐसपैस सतरंजी होती, सात-आठ माणसं सहज बसतील एवढी, आणि प्रज्ञा पार कडेला, अर्धी मातीत बसली होती.

"अगं, एवढी मोकळी आहे, मध्ये बस की ऐसपैस," मी म्हणालो.

"नको काका," ती स्टेजकडे पाहतच म्हणाली. "मध्ये बसलं की लोकांना वाटतं, जागा भरली."

मी चपला काढल्या.