शंभरातल्या नव्वद फायली

अहेरीच्या कचेरीतले गुणवंतराव बाबू १९८७ साली नागपुरात तीन आठवडे संगणक शिकून आले, तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. चंद्रपूरच्या वरच्या कचेरीत पहिला संगणक येणार होता आणि त्याच्यासमोरची खुर्ची त्यांना हवी होती. बायको वच्छला तिकडेच शाळेत शिकवायची. पाच वर्षं बिचाऱ्यांचा संसार एसटीच्या वेळापत्रकावर चालला होता.

"संगणक सारखं लागणारं सामान जवळच्या छोट्या कप्प्यात ठेवते, त्याले कॅश मेमरी म्हणतेत," त्यांनी फायली आणून देणाऱ्या म्हाताऱ्या शिपायाला, लटारूला, समजावलं. "प्रोग्रामची मागायची सवय पाह्यली का जवळ किती सापडन, हे आधीच सांगता येते. आपला प्रोग्राम म्हणजे साहेब."

"साहेबाले सांगू नका म्हणजे झालं," लटारू म्हणाला.

पंधरा दिवस साहेबांच्या प्रत्येक मागणीला वहीत एक रेघ. शंभरातल्या नव्वद वेळा त्याच आठ फायली! त्या त्यांनी साहेबांच्या खुर्चीशेजारच्या फळीवर मांडल्या, लटारूला त्या फळीला हात लावायची बंदी केली आणि चंद्रपूरच्या मोठ्या साहेबांना कळवूनही टाकलं की तपासणीला शंभरातल्या नव्वद फायली बसल्या जागी मिळतील. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.

आठवड्याने मोठे साहेब आले. फळीवरची एकही फाइल कोणी मागितली नाही. दुपारपर्यंत लटारूने अंगणापलीकडच्या गोदामात अकरा खेपा घातल्या. गुणवंतरावांना चंद्रपूर दर खेपेला लांब जाताना दिसत होतं.

"लटारूभाऊ, आपले साहेब तेच, फायली त्याच. आता काऊन नाई मागून राह्यले?"

लटारू पायरीवर टेकला. "बाबू, साहेब चहाले उठले का मी फाइल गोदामात ठेवून देत होतो. टेबल साफ पाहिजे ना. परत आले का अर्धी वाचलेली फाइल पुन्हा मागत. तुम्ही बंदी केली, तं त्याहीनं आठही वाचून सह्या करून टाकल्या. आता कायले मागतीन?"

म्हणजे गुणवंतरावांनी पंधरा दिवस मोजली होती ती लटारूची टापटीप.

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावलं. "तुमचा अंदाज साफ चुकला. पण वर्षभर रखडलेली आठ प्रकरणं तुमच्यामुळे आठवड्यात निकाली निघाली. असा माणूस अहेरीतून हलवायचा नाही, मी तसं लेखीच दिलंय."

गुणवंतरावांनी आभार मानले आणि बाहेर येऊन लटारूचा हात धरला.

"भाऊ, उद्यापासून साहेब चहाले उठले का टेबल साफ करत जा."